निव्वळ वजन

मे महिन्यात जिनिंग बंद,
माझ्या काट्यावर दिवसाला एखादा मुरमाचा ट्रक.
तेवढ्या फुरसतीत मी जग वाचवायचा खेळ मांडतो.

वडनेर फाटा, रात्रीचे नऊ, काट्याची खोली,
कुलरला कालच्या पाण्याचा वास.
फासे नाहीत. दगडावर घासून अर्धे केलेले
सहा चिंचोके आहेत.
पांढरी बाजू वर आली की जमलं,
काळी आली की काय बिघडलं ते मी सांगतो.
माझं काम एवढंच, सांगणं.
शिवाय सगळे खलनायक, सगळी पब्लिक, वारा.

पात्रं लिहायला वजनाच्या जुन्या पावत्या.
‘भरलेले वजन’ छापलंय तिथे शक्ती लिहा,
‘रिकामे वजन’ तिथे उणीव.
वजा करून खाली उरेल ते निव्वळ.
निव्वळ वीसच्या वर गेलं तर मी सही करत नाही.

हिवराजने पहिल्याच दिवशी उडणं मागितलं.
म्हटलं, उडशील, पण उतरशील कसा?
शेवटी ठरलं, उतरायला निंबाचं झाड लागतं.
तीन रविवार तो समुद्रावर घिरट्या घालत राहिला,
समुद्रात निंब कुठला!

सुगतला उडायचं नव्हतं.
“मले वजन पाह्यजे. वाटन तेवढं जड होता आलं पाह्यजे.”
नाव घेतलं सोळाटन.
उणीव : पुन्हा हलकं व्हायला आख्खा दिवस लागतो.

मोनाली सीझनमध्ये कापसातली कवडी वेचते.
ती बराच वेळ पेन चावत बसली.
“पुरं नाव घेऊन हाक मारली
तं तो थांबला पाह्यजे.”
कोण?
“कोणी पण.”
मी हिशेब केला, दोनदा केला. हीच सगळ्यात भारी.
रिकाम्या वजनात लिहिलं :
बापाच्या नावासकट पूर्ण नाव माहीत पाहिजे.
आणि थांबेल एकच फेरी. पुढच्या फेरीला सुटेल.
“एका फेरीत काय होते?”
म्हटलं, ते तू ठरव.

तेव्हापासून माझे खलनायक आडनाव लपवून फिरू लागले.
एकाने तर शाळेचा दाखलाच गिळला.

मग पूल कलला ती रात्र.
वर वरातीची गाडी, खाली सोळाटन
खांब होऊन पाण्यात उभा.
चिंचोके पडले : पाच पांढरे, एक काळा.
नेमका तेव्हाच बाहेर खरा ट्रक काट्यावर चढला,
खोली हादरली
आणि आम्ही चौघंही ओरडलो.

जूनच्या दोन तारखेला सुगतला चाकणहून फोन आला.
पावतीची घडी माझ्या हातात देत म्हणाला,
“याले मारू नका. पुलाखालीच राहू द्या.”
मी चालवू शकतो त्याला.
माझ्याजवळ सगळ्यांचे आवाज आहेत,
फक्त त्याचं “थांब न बे” मला साधत नाही.

सकाळची हिंगणघाट बस.
हिवराजने बॅग वर चढवली. मोनाली गप्प होती,
बस हलायच्या बेतात असताना बोलली :
“सुगत भाऊराव नगराळे!”

त्याचा एक पाय पायरीवर, एक खाली.
तो थांबला. नियम त्याला ठाऊक होता.
कंडक्टरचा हात दोरीवर, ड्रायव्हर आरशात,
मागे दुधाच्या कॅनवाला.
ज्या पब्लिकचे आवाज मी काढतो
तिच्यातलं कोणी काही बोललं नाही.
मी मनातल्या मनात फेरी मोजली.
तिने त्याच्या मुठीत काहीतरी कोंबलं.
मग दोनदा घंटी.

रविवारी डबा उघडला तर चिंचोके पाचच.
पूल अजून कललेलाच, वरात अजून अर्ध्यात.
“आता कसं खेळाचं?” हिवराज.
मोनालीने पाचही हातात घेऊन खुळखुळवले.
“सहावा तिकडं पडला असन कोठी.
तो पांढरा धरा.”
“हे चीटिंग हाय,” हिवराज म्हणाला.

मी सही केली.