छपरांची नोंद

आधी खड्डा झाला, मग शहर.
हे शाळेत कुणी शिकवलं नाही,
पायांना कळलं.
मोझांबिक बेटावर नगरपरिषदेतून घरी जाताना
दगडी गल्ली संपते तिथं
सात पायऱ्या खाली उतरतात.
मग माकुती, आमची वस्ती,
झावळ्यांनी शाकारलेली.
वरून चालणाऱ्याला आमची छपरं आधी दिसतात,
आम्हाला त्याच्या चपला.

प्रवाळाचा दगड इथूनच कापून नेला त्यांनी.
जकात घर, चर्च, गव्हर्नरचा लाल महाल,
आणि हो, ज्यात मी बसतो ती कचेरीसुद्धा.
भिंती जेवढ्या वर गेल्या
तेवढे आम्ही खाली गेलो.
आमच्याच अंगणातलं प्रवाळ भाजून चुना केला,
सगळ्या शहराला पुरला,
पण लागला आम्हालाच.

पुढे राजधानी दक्षिणेला गेली.
मग मालक गेले, किल्ल्या खिशात घेऊन.
युद्धात मुख्य भूमीवरून माणसं आली,
अरुंद लांबलचक पुलावरून,
डोक्यावर पातेली, पातेल्यात कोंबड्या.
वर बंद दालनांत
भिंती फोडून झाडं वाढत होती, ऐसपैस.
माणसं मात्र खालीच मावली,
एका उंबऱ्याआड चार चुली.

आता आम्ही जगाचा वारसा आहोत.
म्हणजे भिंती आमच्या,
छप्पर जगाचं.
नियम सांगतो: माकुतीत झावळीच हवी, पत्रा चालणार नाही.
झावळी तीन पावसाळे काढते,
ट्रकने येते, नगावर विकली जाते.
गरिबीही महाग पडते
जतन करायची म्हटली की.

परिषदेच्या भिंतीवर नकाशा आहे.
त्यात आमच्यासाठी गटार, निळ्या शाईचं.
मी एकदा बोटानं त्याच्यामागे गेलो:
ते समुद्राकडे चढत जातं.
अध्यक्षांना सांगितलं.
ते म्हणाले, शाले, तू छपरं बघ.

छपरंच बघतो मी. अकरा वर्षं झाली.

सोमवारी मुआनाशाच्या घरी गेलो,
माझ्या बायकोची मावशी.
गालांवर मुसिरोचा पांढरा लेप, मांडीवर नातू.
गेल्या पावसात हिच्या खाटेवरून पाणी वाहिलं.
तोच पाऊस वर, दगडी घरांच्या गच्च्यांवरून
हौदांत उतरला होता,
झाकण लावून, वर्षभर प्यायला.

"माकुती," ती म्हणाली, वर बोट करून,
मी विचारायच्या आधीच.
झावळ्या ताज्या होत्या, एकावर एक,
काठ सुद्धा कातरलेले.
मी पेन काढलं.
ऊन चढत गेलं तसं
छप्पर बोलायला लागलं:
टक्.
थोड्या वेळानं पुन्हा, टक्.
झावळी असं बोलत नाही.
पत्रा तापला की बोलतो.

ती चहा ढवळत राहिली,
साखर केव्हाच विरघळून गेल्यावरही.
नातवानं वर बघितलं, मग माझ्याकडे.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे ओळखायचाच मला पगार.
या खोलीत कोपऱ्यान्‌कोपरा तपासला,
वासे चाचपले, भिंतीला हात लावून पाहिला.
कोरडी.
आयुष्यात पहिल्यांदाच
माकुतीतल्या एका घरात
पाणी कुठंच मुरत नव्हतं.

वहीत लिहिलं:
घर क्रमांक दोनशे सोळा.
छप्पर: माकुती.
शेरा: उत्तम स्थितीत.

निघालो तर मागून हाक आली,
"शाले, तुझ्या घराला किती लागतील रे?"
ऐकलं नाही असं दाखवून चालू लागलो.
पायऱ्यांपाशी दोन पर्यटक
आमच्या छपरांचे फोटो काढत उभे होते,
त्यांच्यासाठी थांबलो, वाकून, चौकटीबाहेर.
सातवी पायरी चढेपर्यंत
हिशेब झाला होता:
बारा.
आणि वर पसरायला
दोन ट्रक झावळ्या.