मिनिटाला एकशे अठ्ठावीस

मुलाखतवाली पुण्याहून आली होती.
चहा घेतला, रेकॉर्डिंगसाठी पंखा बंद करायला लावला,
आणि सगळे विचारतात तेच विचारलं :
ठेका मागावरून आला ना तुमचा?

मी हो म्हणालो.
हो म्हटलं की माणसं लवकर जेवायला जातात.

खरं म्हणजे एका शेडमध्ये चोवीस माग चालतात
तेव्हा ठेका नसतोच.
प्रत्येक धोटा आपल्या घाईत,
कुणाचा पट्टा सैल, कुणाची मोटर दमेकरी,
आणि मधे माझे वडील, राजय्या येमूल,
तिथे बोटांच्या खुणांनी बोलणारे,
घरी ओरडून मीठ मागणारे.
त्या गर्दीतून मी काही उचललं नाही.

उचललं ते लाईट गेल्यावरचं.
मे महिना, दुपारचे अडीच, डोक्यावर तापलेले पत्रे,
आणि खट्कन करंट जायचा.
माग एकदम थांबत नाहीत.
एकेक जण दम सोडत, जड होत, खाली खाली जातो,
शेवटचा धोटा अर्ध्या वाटेत अडकतो,
मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीमध्ये कुणीतरी खोकायचं,
कुणीतरी तेलुगूत शिवी घालायचं,
आणि सहाच्या सहा माणसं मान वर करून
बल्बाकडे बघायची.

याला जगात ड्रॉप म्हणतात
हे मला सात वर्षांनी कळलं.

पहिली कमाई पाचशे रुपये.
मल्लिनाथच्या साऊंडसाठी गाणं बनवायचं,
दर सोळाव्या ठोक्याला मंडळाचं नाव,
अध्यक्षांचं दोनदा.
कन्ना चौकात दुकानांच्या काचा थरथरत होत्या.
एक म्हातारा ट्रॉलीजवळ आला,
बोलला काही नाही, नुसता हात छातीवर ठेवून उभा राहिला.
मी आवाज उतरवला.
मल्लिनाथ म्हणाला, काय करलालास बे?
पुढच्या वर्षी त्याने दुसरा पोरगा धरला.

मग बेल्जियमचा एक जण.
त्याचा चेहरा पाहिला नव्हता. तो फक्त लिहायचा,
जास्त आनंद हवा.
पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळाला पाणी यायचं,
घागरी, पिंप, दोन बादल्या भरून झाल्या
की ओल्या हातांनीच
मी जास्त आनंद करून पाठवायचो.
दोनशे युरो. अट एकच, माझं नाव नाही.

ऑगस्टमध्ये व्हिडिओ आला.
कुरणभर पोरं, गालांवर चमकी,
वर टेबलामागे तो, हात पसरून,
माझी लाईट जायची वाट बघत.
गेली.
चाळीस हजार माणसांनी मान वर केली.

आईला दाखवला.
ती विड्या वळत होती. सुपातून नजर न काढता म्हणाली,
एवढी माणसं, यांचा स्वयंपाक कोण करतं?

आई पंचवीसने मोजते, मी चाराने.
तिच्या हजार झाल्या की दिवस संपतो.
माझ्या फाईलचं फक्त नाव बदलतं :
फायनल, फायनल दोन, आता खरंच फायनल.

आता माझ्या नावाची तीन गाणी आहेत.
अंबादास येमूल, असं आडनावासकट.
एक कझाकस्तानात बरं चाललंय म्हणतात,
का ते कुणालाच माहीत नाही.

गेल्या महिन्यात कानाचा डॉक्टर झाला.
त्याने आलेख काढला, डावीकडे खड्डा दाखवला,
आणि सहज विचारलं, मागावर होता का?

तिथेही मी हो म्हणालो.

काल रात्री लाईट गेली.
फ्रिज गप्प, गल्ली गप्प, माझे दोन स्पीकर गप्प.
कानात फक्त ती बारीक शिट्टी,
साधारण सहा हजार हर्ट्झ,
जिला करंट लागत नाही.
मी अंधारात तिचा सूर शोधत बसलो होतो
तेवढ्यात आतल्या खोलीतून
वडील सगळ्या पेठेला ऐकू जाईल असे ओरडले,
आली का रे?