कोरी

ॲव्हीमोरच्या होस्टेलात मी स्वयंपाक करते
आणि संध्याकाळी साडेपाचला, डाळ मंद आचेवर ठेवून,
दाराजवळच्या पाटीवर उद्याचा धोका लिहिते.
पाच पायऱ्या आहेत त्याला.
इनस म्हणतो, माणसं जातात ती मधल्या पायरीवर.
वरच्या दोन्हींना कुणी बूटच बांधत नाही,
खालच्या दोन्हींना डोंगर बहुधा झोपेत असतो.
मधला शब्द, लक्षणीय,
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
स्थळ बघायला आलेल्या मामांसारखा
'कळवतो' म्हणतो आणि पोहे संपवतो.

फेब्रुवारीत एका सुट्टीला इनसबरोबर गेले,
लोखनच्या कोरीत, बर्फात खड्डा खणायला.
गेलिकमध्ये कोरी म्हणजे कढई. तसाच आहे तो डोंगर,
तीन बाजूंनी कडा, तळाशी गोठलेलं तळं.
तीन दिवस नैऋत्येचा वारा पठार झाडत होता
आणि झाडलेलं सगळं या अंगाला लोटत होता,
पाहुणे दारात असताना
केर कपाटामागे सारावा तसं.

आम्ही मोठ्या उताराच्या वाटेला गेलो नाही.
त्याच दिशेला तोंड केलेला त्याचा धाकटा भाऊ शोधला.
इनसकडे प्रत्येक थराला नाव होतं, वहीत खूण होती.
माझ्याकडे स्वयंपाकघर.
वर वाऱ्याने थापलेली वडी, घट्ट, चांगली वीतभर.
तिच्याखाली साबुदाणा, न भिजवलेला,
एकालाही दुसऱ्याचा हात धरायचा नाही.
त्याखाली जानेवारीची साय, वितळून पुन्हा गोठलेली.
'साबुदाणा,' मी म्हटलं.
त्याने स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

मग करवतीने एक खांब मोकळा केला,
वर फावडं ठेवलं आणि थापट्या मारू लागला.
मनगटातून दहा.
कोपरातून दहा मारायच्या होत्या.
त्यानंतर खांद्यातून दहा.
तेराव्याला वडी सुटली,
तूप लावलेल्या ताटातून सुटावी तशी, सबंध,
आणि सरकत माझ्या मांडीवर आली.
'छान सुटली' हे तोंडातून गेलं
आणि मी जीभ चावली.

त्या संध्याकाळी पाटीवर लक्षणीय.
इशबेल आणि फर्गस, बहीण-भाऊ, पाटीसमोर बराच वेळ उभे.
पहाटे पाचला दोन थर्मास भरून गेले,
अकराला परत. दोर कोरडाच.

'कड्याला चाळीस पावलं उरली होती,' ती म्हणाली,
'पायाखाली बर्फ हुं म्हणाला.
एवढंच.
मी वळले.'
फर्गसने कुऱ्हाडी खुंटीला अडकवल्या, जरा जास्तच आवाज करून.
त्यांच्या बाजूने तिघं वर गेले होते.
फोटो काढून, दुपारी, हसत खाली आले
आणि बाकावर जागा करून तिच्याशेजारीच बसले.
मी सगळ्यांना डाळ वाढली. तिला विचारलं नाही, दुसऱ्यांदाही वाढली.

तो उतार त्या दिवशी घसरला नाही.
दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यात नाही.
मी इनसला विचारायचे, तो म्हणायचा, आहे.
मार्चमध्येही, आहे.
एप्रिलच्या पावसात विरला आणि स्पे नदीतून
कुणाचंही काही सिद्ध न करता निघून गेला.

फर्गस अजून दर नाताळात तो दिवस काढतो म्हणे.
तिघं वर गेले होते, तिघं.
इशबेल भांडी पुसत असते.
घसरलेल्या उताराला तारीख मिळते, रुंदी, खोली,
खाली कितीजण होते ते.
न घसरलेल्याचा रकाना
मराठीतला कोरा.

साडेपाच झाले.
ओल्या फडक्याने कालचा शब्द पुसते.
पाटी वाळेपर्यंत थांबायला लागतं,
ओल्यावर खडू उमटत नाही.