अंगठा

सावद्याच्या स्टेशनवर केळीचे डबे भरता भरता
हुरमत तडवीच्या हातांना चीक धरत गेला,
तीस-पस्तीस वर्षं.
साबणाला दाद देईना म्हणून ती विटेच्या तुकड्याने घासायची.
चिकाबरोबर रेषाही गेल्या.

रेशनच्या मशीनवर तिचं बोट जुळेना.
दुसरं ठेवलं. तिसरं.
दहाही झाली, मागे रांग चुळबुळायला लागली.
दुकानदार वाईट नव्हता.
म्हणाला, फुंकर मार, लुगड्याला पूस,
आणि मग, उद्या ये, रेंज असली तर.

मी तेव्हा कथा लिहायचो.
दोन संग्रह, एक पुरस्कार, शालीसकट.
हुरमतवरही लिहिली असती, बरी झाली असती;
शेवटी ती सुकी नदीत हात बुडवून बसते वगैरे.
पण ती ओट्यावर येऊन म्हणाली,
"मास्तर, तुमी लिव्हता ना?
मंग मले एक अर्ज लिव्हून द्या.
त्यात लिव्हा का मी हाये."

एवढ्या एका वाक्याला मला अकरा महिने लागले.
रावेर, जळगाव, पुन्हा रावेर.
विचारलं, तालुक्यात किती जण जुळले नाहीत?
उत्तर आलं:
सदर माहिती संकलित केली जात नाही.

पालच्या बाजारात मी बोलायला उभा राहिलो,
ठसा कुणाकडे जातो, कुणाला विकता येतो.
एक बाई मिरच्या निवडत ऐकत होती. म्हणाली,
"आमचे अंगठे कोनत्या गावाले ठेवेल हायेत?"
मला सांगता आलं नाही.
अजून येत नाही.

माझी आई, द्रुपदा,
साक्षरता वर्गात दोन हिवाळे सही गिरवत होती.
बँकेने शाईचा डबा पुढे केला
तेव्हा तिने तो बोटाने मागे सारला होता.
परवा त्याच बँकेतला पोरगा म्हणाला,
आजी, सही राहू द्या, अंगठा ठेवा.
घरी येईपर्यंत ती बोलली नाही.

हुरमतसाठी शेवटी वही निघाली, कागदाची.
सहीच्या रकान्यात तिने एक रेघ ओढली.
थोडी वाकडी. लांब.

माझी कथा एकेचाळिसाव्या पानावर थांबलीय.
त्यातला माणूस फैजपूरच्या फाट्यावर
चार वर्षं एसटीची वाट बघतोय.
त्याला मी येतो म्हणून सांगितलंय.

तोवर अर्ज लिहितो.
कथेसारखेच, पुन्हा पुन्हा खोडून.
आधी विशेषणं काढतो,
मग 'नम्र विनंती'तलं नम्र.