तापायला वीस मिनिटं

लेमविगच्या खाडीवर नोव्हेंबरात चारलाच काळोख पडतो.
टोर्किल बटण दाबतो आणि बसून राहतो.
इथं घाई करून चालत नाही.
व्हॉल्व्हमधली तार आधी तांबूस होते, मग नारिंगी,
मग धूळ तापल्याचा वास सुटतो,
आणि इंगलिसे म्हणते,
आलं तुझं मांजर उबेला.

हे ॲम्प्लिफायर त्यानं एकाहत्तर साली बांधलं.
ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला.
तीन हजार दोनशेव्या वेढ्याला कुणीतरी दार वाजवलं
आणि आकडा डोक्यातून निसटला.
पुन्हा पहिल्यापासून.
आवाज कसा आहे विचारलं तर तो खांदे उडवतो.
इंगलिसे सांगते: सायीचा.
खालचे स्वर जरा सुस्त, जेवून उठल्यासारखे,
मधले असे, की माणूस शेजारी येऊन टेकावा,
आणि वरचे...
वरचे आता आम्हा दोघांनाही ऐकू येत नाहीत.
असतील तर असोत बापडे.

शनिवारी ऑर्हूसहून येप्पे आला,
डिकीत नवं धूड घेऊन. बेचाळीस किलो.
दोघांनी मिळून आत आणलं,
उंबऱ्यावर टोर्किलची कंबर बोलली.
ॲल्युमिनियमच्या कडा अशा, की राईचा पाव कापावा.
याला स्वतःचा आवाजच नाही, येप्पे म्हणाला,
ही काच आहे. पलीकडचं दिसतं, काच दिसत नाही.
काच दिसत नाही म्हणूनच
आमच्या खिडकीवर चिमण्या मरतात,
इंगलिसे म्हणाली, आणि कॉफी ओतली.

टेप कुठली लावायची हे बोलावं लागलं नाही.
आस्गर, थोरला भाऊ. चेलो.
गावाबाहेरचं चर्च, जानेवारी,
एकुलता एक मायक्रोफोन
खांबाला मासेमारीच्या दोरीनं बांधलेला.
मार्चमध्ये बोट परत आली, आस्गर आला नाही.
तेव्हापासून तो या खोलीत वाजवतो आहे,
गज सायीत बुडवून.

नव्या यंत्रातून आधी आली शांतता.
अशी, की तिला कोपरे होते.
छत किती उंच ते कळलं.
मग खुर्ची करकरली.
डावा पाय, येप्पे पुटपुटला, खूश होऊन.
मग नाकातून घेतलेला एक श्वास,
आणि गज तारेला लागायच्या आधी
अगदी हलक्यानं, कुणाला उद्देशून नव्हे:
हात गारठलेत.

येप्पेचं लक्ष नव्हतं. तो खर्जाची वाट पाहत होता,
आणि खर्ज आलाही, फरशीतून, पोटऱ्यांपर्यंत.
टोर्किलनं कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.
टेप संपली, सुटं टोक रिळावर आपटत राहिलं
टप टप टप,
शेवटी इंगलिसेनंच उठून ते थांबवलं.
छान आहे, टोर्किल म्हणाला. फार स्वच्छ.
नेताना जप, पायरी निसरडी झालीय.

रात्री त्यानं जुन्याचं झाकण काढलं.
ऑसिलोस्कोपवर लाट तीच,
खांदे जरासे उतरलेले, त्याच्यासारखेच.
यातल्या कुठल्या कंडेन्सरनं
पन्नास वर्षं दोन शब्द गिळले, ते शोधत बसला.
डाग देण्याची सळई तापली, निवली, परत तापली.
कुठंच काही लावलं नाही.
झाकण बसवलं. टेप चढवली. बटण.
वीस मिनिटं.

खुर्ची. श्वास.
हात गारठलेत.

सायीतून, स्पष्ट.
म्हणजे हे आधीपासून होतं?
की आता कानच भरतात ती जागा,
आणि यंत्र बिचारं नुसतं पाहतं?
मीटर लावता आला असता. त्यानं लावला नाही.
व्हॉल्व्हवर तळवे धरून उभा राहिला,
शेकोटीवर धरतात तसे.

काही म्हणालास? आतून इंगलिसेनं विचारलं.

मी नाही, टोर्किल म्हणाला.