चार वाजताची सावली

पत्र्याच्या कुंपणाला रुपयाएवढं भोक आहे.
टेबल मांडण्याआधी मी रोज तिथं डोळा लावतो.
चैत्रात नुसता खड्डा होता, तळाला मुरूम
आणि एक चप्पल, कुणाची ते अजून कळलं नाही.

मग सळया उभ्या राहिल्या.
बोद्धूल म्हणाला, ताणा लागला, आता बाणा कधी घालतात बघू.
गिरणी सुटल्यापासून त्याला सगळीकडं मागच दिसतो.

स्लॅब पडला त्या रात्री पहाटेपर्यंत मिक्सर.
सकाळी वर सिमेंटची आळी, आळ्यांत पाणी,
पाण्यात आंघोळीला साळुंक्या.
टँकर रोज येतो.
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी,
तोही रात्री दोनला.
‘पाणीपुरवठा सुरळीत करणेबाबत’
या महिन्यात मी सत्तावीस अर्ज टाइप केले.
स्लॅबला एकही करावा लागला नाही.

मौलाली सेंट्रिंगवाला भोकातूनच बोलला,
‘भिगोना पडता चाचा, नै तो तडकता.’
माणसांचं त्याला विचारलं नाही.

चौथा मजला चढला आणि
चारच्या सुमाराला सावली रस्ता ओलांडून
माझ्या टाइपरायटरवर आली.
एकतीस वर्षं या फुटपाथवर.
महापालिकेकडून, अर्जाशिवाय मिळालेली
ही पहिलीच गोष्ट.

फलकावरच्या चित्रात वाहनतळ आहे, लिफ्ट आहे,
कारंजंसुद्धा.
टेबल नाही.

बोद्धूल विचारतो, उद्घाटन कधी रे?
मी खुर्ची वीतभर सावलीत ओढतो,
कागद चढवतो.
प्रति, मा. आयुक्तसाहेब.
विषय :