नळाजवळचं झुडूप

नळाच्या डाव्या हाताला, जिथं मी कधीच काही लावलं नाही,
तिथं ते कमरेएवढं झालं तेव्हा माझं लक्ष गेलं.
तोवर माझ्या हिशेबी ते गवतच होतं.

श्रावण सरता सरता त्याला फळं धरली.
पांढरी. भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखी,
फांदीला अगदी चिकटून.

उद्यमनगरात छत्तीस वर्षं पॅटर्न केले मी,
ओतकामाचे, सागवानी;
त्यामुळं कुठलीही गोष्ट आधी मोजायची खोड.
फळ : दीड सूत.
पान : अंगठ्याच्या नखाएवढं, पाठीमागून राखाडी.
फांदीचं टोक थेट काट्यात संपलेलं,
शेवटाला कुणी कानस जास्तच चालवावी तसं.

शेजारचे आण्णाप्पा मगदूम कुंपणावरून म्हणाले,
"तोडून टाका. पांढरं फळ इखारी असतंय."
त्यांच्या सुनेला ते मेंदीतलंच काहीतरी वाटलं.
मीटर बघायला आलेला पोरगा म्हणाला, ड्रॅगन फ्रूट,
आणि स्वतःच हसला.
शकूनं एवढंच विचारलं,
"पाणी किती पितंय?"
"मी घालतच नाही."
"मग ऱ्हाऊ दे."

तीन दिवस खुर्ची टाकून बसलो.
बुलबुल यायचे, खायचे,
मी त्यांच्या मरणाची वाट बघायचो.
एकही मेला नाही.
चौथ्या दिवशी एक फळ जिभेपर्यंत नेलं
आणि परत खिशात टाकलं.

मग नवरात्राच्या तोंडावर
मेंढरं हाकत धुळाप्पा पाण्यासाठी थांबला.
नळाला ओंजळ लावून प्याला,
मिशा पुसल्या,
आणि बोलता बोलता, तिकडं न बघताच,
मूठभर फळं ओरबाडून तोंडात टाकली.
मी ओरडलो असणार,
कारण त्याचा कुत्रा उठून उभा राहिला.

"पांढरफळी न्हवं का ही," तोंड भरलेलं असताना तो म्हणाला.
"जखमंत अळ्या पडल्या मेंढराच्या,
की हिचा पाला ठेचून भरायचा."
मी नाव तीनदा वदवून घेतलं,
भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं,
गॅसची टाकी लावल्याच्या तारखेखाली.
पांढरं फळ म्हणून पांढरफळी.
एवढं तर मीही ठेवलं असतं नाव.

गोष्ट तिथंच संपायची.
पण मगदुमांची नात सन्मती विद्यापीठात झाडंच शिकते.
ती भिंग घेऊन आली, वाकली,
काटा टोचला तरी वाकलेलीच राहिली.
"काका, ही मादी आहे.
ह्यात नराचं झाड वेगळं असतं, त्याला फळ येत नाही.
पण ते असणार जवळपास कुठंतरी.
त्याच्याशिवाय एवढी फळं धरली नसती."

रात्री झोप लागली नाही.
फळ नसलेलं झुडूप शोधायचं,
म्हणजे सगळं कोल्हापूरच की.

खिशात एक डहाळी घेऊन निघालो.
यादवनगरातल्या गटारांचे काठ,
लेथच्या दुकानांमागची बोळं,
गंजक्या पत्र्यांच्या आड.
ओळखीचे लोक विचारत, "काय हरवलं मिस्त्री?"
मी म्हणायचो, किल्ली.

सापडलं ते आमच्याच फाउंड्रीच्या मागं,
ती बंद पडूनही आता सहा वर्षं झाली.
साच्यांतून निघालेल्या जळक्या, काळ्या वाळूचा ढीग,
आणि त्यावर ते, रुंद, निवांत, बिनफळाचं.
डहाळी शेजारी धरली.
पान पानाला लागलं, काटा काट्याला.
जिथं मी रोज दुपारी डबा धुतला
तिथून पाच पावलांवर.

घरी आलो तेव्हा शकू धुणं वाळत घालत होती.
"घावलं?"
"घावलं."
"मग आता?"

आता काय.
इकडं ही, तिकडं तो.
मधे एक रस्ता, दोन गटारं, वडापची रांग,
आणि फुलं असताना कधीतरी
हे सगळं ओलांडून आलेली एक बारीकशी माशी,
जिचं नाव
मला अजून कुणी सांगितलेलं नाही.